‘मुका मार’ म्हणून सोडलेलं मनगट अजून दुखतंय

केज तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते:

“माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, बैल धुवायला नदीवर गेला होता. बैलानं हिसका दिला अन् लेकरू उजव्या तळहातावर पडलं. मनगट सुजलं. तालुक्याला जाऊन फोटो काढला. डॉक्टर म्हणले, हाड चांगलं आहे, मुका मार आहे. गोळ्या दिल्या. सूज उतरली पण दुखणं काही गेलं नाही. मग हाड बसवणाऱ्याकडून दोन-तीनदा चोळून आणलं, आंबेहळदीचा लेप दिला. आता दिवाळी होऊन गेली. रोजचं काम करतो, पण पुश-अप मारताना कळ येते अन् गोळा तर फेकताच येईना. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. घरातले म्हणतात, फोटोत काही निघालं नाही तर पुन्हा कशाला खर्च? भरती झाल्यावर बघू. मी काय करू?”

ताई,

भरतीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात मुलाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि मनगटाचा फोटो, म्हणजे एक्स-रे, पुन्हा काढून घ्या. काढताना ‘स्कॅफॉइडचे फोटो हवेत’ असं स्पष्ट सांगा; स्कॅफॉइड म्हणजे मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं लहान हाड. तोवर मनगट चोळणं बंद, पुश-अप बंद आणि गोळा बंद. मेडिकलवर अंगठ्यालाही आधार देणारा मनगटाचा पट्टा मिळतो, तो बांधून ठेवा. तरणा मुलगा तळहातावर पडलाय, अंगठ्याच्या बाजूला दुखतंय आणि दोन-अडीच महिन्यांनंतरही दुखणं जात नाही, एवढं ऐकल्यावर स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर नाही असं सिद्ध होईपर्यंत ते आहे असंच मी धरून चालते. अंगठ्याच्या बाजूला हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आधी ते घरीच तपासून घ्या.

मुलाला समोर बसवा. उजव्या हाताचा अंगठा वर आणि थोडा मागे ताणून धरायला सांगा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन शिरा ताठ उभ्या राहतात आणि त्यांच्या मधे एक खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशीच स्कॅफॉइड असतं. तिथे तुमच्या बोटाच्या टोकानं हळूहळू दाब द्या. मग डाव्या हातावर त्याच जागी, तेवढाच दाब द्या. निरोगी हातालाही तिथे थोडं बोचतं, म्हणून दोन्ही हातांतला फरक महत्त्वाचा. त्यानंतर हात उताणा करा. मनगटाची घडी जिथे संपते तिथे तळहाताकडे, अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या बुडाशी, एक हाडाची गुठळी लागते. तीही दाबून बघा. शेवटी अंगठा टोकाशी धरून मनगटाच्या दिशेनं सरळ आत ढकला. यातल्या कशानेही उजव्या हातात ओळखीची कळ आली तर डॉक्टरांना नेमकी ती जागा बोटानं दाखवा. समजा फारसं दुखलं नाही, तरी जायचं रद्द करू नका. जुन्या फ्रॅक्चरमध्ये दाबल्यावरचं दुखणं कमी होत जातं आणि जोर लावला की तेवढी कळ येते. तुमच्या मुलाचं आत्ता तेच चाललंय.

आता घरातल्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो रास्त आहे. पहिल्या फोटोत काही नव्हतं, मग आता कुठून येणार?

हाताची दोन लांब हाडं कोपराकडून मनगटापर्यंत येतात. पुढे तळहाताची पाच हाडं सुरू होतात. या दोहोंच्या मधे आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात. अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड दोन्ही ओळींना सांधून असतं. त्यामुळे हात मागे वाकलेल्या अवस्थेत सगळं वजन तळहातावर आलं की ताण नेमका त्याच्या कमरेत, म्हणजे मधल्या भागात, येतो. मनगटातल्या लहान हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये निम्म्याहून बरीच जास्त या एकट्या हाडाची असतात. वयाचाही भाग आहे. साठीतली बाई अंगणात अशीच पडली तर बहुधा मनगटाच्या वरचं लांब हाड मोडतं, हात वाकडा दिसतो आणि ते कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. विशी-पंचविशीतल्या मुलाचं ते लांब हाड दणकट असतं, म्हणून मार पुढे स्कॅफॉइडवर जातो. हात सरळ दिसतो. बोटं हलतात, मुठ वळते, मोटारसायकलही चालवता येते. सूज आठवड्यात उतरते. मग घरचे आणि दवाखान्यातलेही मुका मार म्हणून मोकळे होतात.

हे हाड जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, तिरकं बसलेलं आणि शेजारच्या हाडांनी वेढलेलं असतं. मनगटाचा नेहमीचा समोरून आणि बाजूनं काढलेला फोटो घेतला तर त्यात ते आखडलेलं दिसतं आणि इतर हाडांच्या सावल्या त्यावर पडतात. केसासारखी बारीक चीर असेल आणि दोन्ही तुकडे जागेवरच असतील, तर पहिल्या दिवशीच्या फोटोत ती बऱ्याचदा दिसतच नाही. त्यात हलगर्जीपणा असतोच असं नाही. दहा ते चौदा दिवसांनी मात्र चिरेच्या कडांचं हाड थोडं विरतं, फट रुंदावते आणि त्याच मनगटाच्या नव्या फोटोत ती दिसू लागते. म्हणूनच पद्धत अशी आहे की फोटो कोरा आला तरी खळग्यात दुखत असेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. मुलाला ‘पुन्हा या’ हे दोन शब्द सांगितले गेले नाहीत, किंवा सांगितलेले राहून गेले, आणि खरी चूक झाली ती तिथे. आता दोन-अडीच महिने झालेत. फट असेल तर साध्या फोटोतही ती दिसण्याची शक्यता पहिल्या दिवसापेक्षा किती तरी जास्त आहे.

स्कॅफॉइडचे फोटो म्हणजे मुठ वळून, मनगट करंगळीकडे कलवून, निरनिराळ्या कोनांतून काढलेले तीन-चार फोटो. त्या स्थितीत ते तिरकं हाड पूर्ण लांबीनं समोर येतं. एवढं करूनही शंका राहिली तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करतात. पडल्यानंतर पहिल्या काही दिवसांत लपलेली चीर शोधायला एमआरआय सर्वांत भरवशाचा. तुमच्या मुलासारख्या जुन्या दुखण्यात सीटी फार कामाचा, कारण तुकडे सरकलेत का, हाड मधेच वाकून बसलंय का आणि जुळण्याची काही सुरुवात झालीय का, हे त्यात कळतं. कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा टिकून आहे का, हा प्रश्न आला तर एमआरआय लागतो.

हा रक्तपुरवठाच या हाडाचा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि माझा सगळा आग्रह त्याच्याचसाठी आहे. बहुतेक हाडांना रक्त अनेक बाजूंनी मिळतं. स्कॅफॉइडला मुख्य रक्तवाहिनी बोटांकडच्या अर्ध्या भागातून शिरते आणि तिथून रक्त मागे, कोपराच्या दिशेला असलेल्या टोकाकडे जातं. जायकवाडीच्या कालव्यावर टेलचा शेतकरी जसा पूर्णपणे वरच्यांवर अवलंबून, तसं ते टोक. मधे कालवा फुटला की त्याच्या शेतात पाणी येत नाही. म्हणून फ्रॅक्चर बोटांकडच्या टोकाला असेल तर सहा-आठ आठवड्यांत जुळतं. कमरेत असेल तर आठ ते बारा आठवडे लागतात. कोपराकडच्या टोकाला असेल तर चार-पाच महिनेही लागतात, आणि काही वेळा तो तुकडा रक्ताविना मरतो. न जुळलेलं हाड आहे तसं राहिलं तर दुखणं फक्त त्या जागेपुरतं थांबत नाही. तुकडे हलत राहतात, शेजारची हाडं आपली जागा सोडतात आणि काही वर्षांत सगळं मनगट झिजू लागतं. तिशीत संधिवात झालेलं मनगट घेऊन शेतीही होत नाही आणि पोलिसाची नोकरीही होत नाही.

हाड बसवणाऱ्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे प्रत्येक पंचक्रोशीत असा एखादा माणूस असतो, पैशाला फार हपापलेला नसतो आणि लोकांचा त्याच्यावर जीव असतो. पण मनगटातली ही आठ हाडं बाहेरून बोटांनी वेगळी ओळखता येत नाहीत, त्यांना ‘बसवता’ येत नाही, आणि ताज्या चिरेवर चोळलं की जुळू पाहणारे तुकडे पुन्हा हलतात. लेपानं सूज आणि ठणका कमी वाटतो, त्याला माझी हरकत नाही. मात्र चोळणं आणि झटका देऊन ओढणं पूर्ण थांबवा. तीच गोष्ट ताकदीच्या सलाईनची आणि दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनची. इंजेक्शननं कळ जाते, मुलगा दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरतो आणि हाड आणखी मागे पडतं. सलाईननं हाड जुळत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर देतील, पण मोडलेलं हाड स्थिर ठेवल्याशिवाय नुसत्या गोळ्यांचा उपयोग नाही.

फ्रॅक्चर निघालं तर पुढे काय होईल? कुणी पडून चारच दिवस झाले असतील आणि तुकडे जागेवर असतील, तर मी आधी प्लास्टरच सुचवते. ब्रिटनमध्ये ३१ रुग्णालयांत ४३९ प्रौढ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. हाडाच्या कमरेतलं फ्रॅक्चर, तुकडे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेले नाहीत, अशा रुग्णांत प्लास्टर आणि ऑपरेशन यांची तुलना केली, तर वर्षभरानंतर दुखणं आणि हाताचं काम यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अट एकच: प्लास्टरनंतर हाड जुळलं की नाही हे नीट तपासायचं आणि नसेल जुळलं तर वेळ न घालवता ऑपरेशन करायचं.

तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, कारण सुरुवातीचे महत्त्वाचे आठवडे हात मोकळा राहिला. फट बारीक असेल, तुकडे सरकलेले नसतील आणि कडा झिजलेल्या नसतील, तर अजूनही प्लास्टरनं जुळू शकतं, पण वेळ बराच जाईल. फट रुंदावलेली असेल किंवा हाड वाकलेलं असेल तर डॉक्टर ऑपरेशन सांगतील, आणि ते सांगितलं तर घाबरू नका. यासाठी डोकं नसलेला एक बारीक स्क्रू वापरतात. ऑस्ट्रेलियातले शल्यचिकित्सक टिमथी हर्बर्ट यांनी तो तयार केला आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. दोन्ही टोकांच्या आट्यांचं अंतर वेगवेगळं असल्यामुळे स्क्रू आवळत जाईल तसे दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. स्क्रू पूर्ण हाडाच्या आत बुडतो, बाहेर काही टोचत नाही आणि बहुतेकांना तो पुन्हा काढावा लागत नाही. जुन्या फ्रॅक्चरमध्ये फटीतला मऊ भाग खरवडून काढून तिथे मुलाच्याच मनगटाजवळच्या किंवा कमरेच्या हाडाचा लहान तुकडा भरतात. कोपराकडच्या टोकाचा रक्तपुरवठा गेलेला असेल तर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया असते. ती मात्र हाताच्या शस्त्रक्रियेचा खास सराव असलेल्या सर्जनकडेच करून घ्यावी.

भरतीचं सांगते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. तो मानेशी धरताना मनगट पूर्ण मागे वाकतं आणि फेकताना सगळा जोर त्याच वाकलेल्या मनगटातून जातो. पुश-अपमध्येही तेच. म्हणजे ज्या ताणानं हे हाड मोडतं, तोच ताण तुमचा मुलगा रोज त्याच्यावर देतोय. हाडाचा तुकडा भरल्यानंतर जुळायला तीन ते सहा महिने धरा, आणि सीटीत जुळलेलं दिसल्याशिवाय गोळ्याला हात नको. एखादी भरती त्यात हुकेल. मला त्याचं वाईट वाटतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात एका भरतीवर किती वर्षं आणि किती आशा लागलेल्या असतात हे मी रोज बघते. पण दुखऱ्या हातानं उतरला तर गोळ्याचे गुण जातील आणि हातही जाईल. या काळात पोटाचे आणि पायांचे व्यायाम, झपाट्यानं चालणं चालू ठेवता येतं. १६०० मीटरची धाव कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा, कारण धावताना पुन्हा त्याच हातावर पडण्याची भीती असते. अभ्यास तर थांबायचं कारणच नाही.

आणखी एक, आणि हे मुलाशी एकट्यात बोला. तंबाखू किंवा सिगारेट आहे का? आईला माहीत असतंच असं नाही. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच तोकडा, त्याला ते फार महागात पडतं. धूम्रपान करणाऱ्यांत हे हाड ऑपरेशननंतरही न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. रागावू नका, पण हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद, यात सूट देऊ नका.

फोटोत आणि स्कॅनमध्ये फ्रॅक्चर नाही असंही निघू शकतं. तेव्हाही ‘काही नाही’ म्हणून परत फिरू नका. स्कॅफॉइड आणि शेजारच्या ल्युनेट या हाडाला बांधणारा आतला पट्टा, म्हणजे लिगामेंट, अशाच पडण्यानं तुटतो, दुखणं साधारण तसंच असतं आणि तोही वेळेत दुरुस्त करावा लागतो. मुठ घट्ट आवळून काढलेल्या फोटोत दोन हाडांमधली वाढलेली फट दिसते. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

बाकीच्या वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. पडल्यावर मनगटाच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर ट्रायक्वेट्रम या लहान हाडाचा टवका उडालेला असू शकतो. तो बहुधा चार-सहा आठवडे आधार देऊन बरा होतो. बॅट धरणाऱ्या हाताला तळव्यात करंगळीच्या बाजूला खोल कळ येत असेल, मुठ आवळली की वाढत असेल, तर हॅमेट या लहान हाडाच्या आकड्यासारख्या टोकाचं फ्रॅक्चर शोधायला हवं. तेही साध्या फोटोत सहज सुटतं. आणि उंचावरून किंवा गाडीवरून जोरात पडून मनगट भरभर सुजलं, बोटं सरळ होत नाहीत, अंगठा आणि पहिली दोन-तीन बोटं बधिर झाली, तर लहान हाडं जागेवरून निखळलेली असू शकतात. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्रीच मोठ्या रुग्णालयात जा.

तुम्हाला अंबाजोगाई जवळ पडेल. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय हेही पर्याय आहेत. सकाळी लवकर बाह्यरुग्ण विभागात पोचा. आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. ऑपरेशन ठरलं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रुग्णालयात दाखल होण्याआधीच विचारा. पोळ्याच्या वेळचा फोटो घरात असेल तर त्याची फिल्म घडी न घालता न्या. ‘तेव्हा कोरा होता’ हीसुद्धा डॉक्टरांसाठी माहितीच आहे.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या: फ्रॅक्चर हाडाच्या कोणत्या भागात आहे, तुकडे सरकलेत का, आणि कोपराकडच्या तुकड्याला रक्त पोचतंय का. प्लास्टर घातलं तर बोटं दिवसभर हलवत राहायला सांगा, खाज आली तर आत काडी घालू देऊ नका, आणि बोटं सुजून निळी पडली किंवा मुंग्या येऊ लागल्या तर त्याच दिवशी परत जा. रिपोर्ट आला की चिठ्ठीवरची तीन उत्तरं मला लिहून पाठवा, ऑपरेशन सांगितलं असेल तर त्याबद्दल पुढचं लिहीन.